राखीनंतरचा श्रावण

जयपूरला आमचा श्रावण शेजाऱ्यांपेक्षा पंधरा दिवस उशिरा सुरू व्हायचा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून हे आधी नीट सांगते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. चंद्र वाढत असतो त्या पंधरवड्यात दोघांचा महिना एकच असतो. पौर्णिमा झाली की शेजारी पुढच्या महिन्यात जातात आणि आपण मागच्याच महिन्यात राहतो. म्हणजे राखी झाली की त्यांचा सावन संपून भादवा लागायचा आणि आमचा श्रावण अर्धा शिल्लक असायचा.

विद्याधर नगरला आमच्या शेजारी ज्या भाभीजी राहत, त्यांचे सोमवार राखीबरोबर संपायचे. पुढच्या सोमवारी त्या गरम कचोऱ्या घेऊन हटकून दारात यायच्या.

"लो, आज भी उपवास? आपके यहाँ तो भगवान भी लेट आते हैं."

"लेट येतात, पण जास्त दिवस राहतात," असं मी हिंदीत सांगायचा प्रयत्न करायची. तुमचे आजोबा आतून ओरडायचे, "कचोऱ्या परत पाठवू नकोस! उपवास तुझा आहे, माझा नाही."

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की आजोबांना आपलं दुखणं कधी कळलं, आणि ते कुणी सांगितलं. तुमच्या बाबांनी विषय बदलला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला देवनागरी सावकाश वाचता येतं, म्हणून सोप्या भाषेत लिहिते आहे.

आजोबांची विमा कंपनीतली नोकरी बदलीची होती. जयपूरला आलो ते तीन वर्षांसाठी, आणि तिथेच राहिलो. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्तीनंतर साताऱ्याला परत जायचं असं दर उन्हाळ्यात ठरायचं आणि पावसाळ्यात विसरायला व्हायचं. सवय झाली होती शहराची. आजोबांना तर चक्कीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखायचे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी ते स्कूटर घेऊन मुरलीपुऱ्याला बाजरी दळायला गेले. तिथली चक्की त्यांच्या पसंतीची होती. परत आले ते सायकलरिक्षातून. पीठ मांडीवर, आणि चेहरा संतापलेला.

"स्कूटर चोरीला गेली. दिवसाढवळ्या! काय शहर झालंय हे."

भाभीजींचा मुलगा मोटारसायकलवरून बघायला गेला. स्कूटर चक्कीच्या समोरच उभी होती. किल्ली तिलाच लावलेली होती.

आजोबांनी त्यावर एक विनोदी गोष्ट तयार केली. भेटेल त्याला सांगायचे, "माझी स्कूटर इतकी जुनी आहे, की चोरसुद्धा किल्ली लावून सोडून गेला." लोक हसायचे. मीही हसायची. पण त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. चहा घेतल्यावर चहा मागणं, एकाच बातमीवर दोनदा चिडणं, पत्ते खेळताना हुकूम कोणता ते विचारणं. एकेक गोष्ट सुटी घेतली तर त्यात काहीच नव्हतं. साठी ओलांडलेल्या कुठल्याही घरात हे चालतं. दुखणं आहे की वय आहे, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते घरात बसून कळणार नव्हतं.

ते विचारायची सोय नव्हती, कारण आजोबांच्या थोरल्या भावाला विस्मरणाचाच आजार झाला होता. ते शेवटी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसायचे. आजोबा त्यांना भेटून आले की दोन दिवस नीट जेवायचे नाहीत. एकदा मला म्हणाले होते, "मला काहीही होऊ दे, ते नको." भावाच्या घरच्यांनी ते शेवटपर्यंत लपवलं होतं. भावापासूनसुद्धा. याचा आजोबांना फार राग होता.

अशात आमच्या महाराष्ट्र मंडळात एक तरुण डॉक्टर मुलगी बोलायला आली. शहरातल्या सी-स्कीम भागात एका दवाखान्यात ती काम करायची. विस्मरणाचा आजार ओळखायला दहा मिनिटांची एक प्रश्नावली आहे, ती कितपत खरी ठरते ते त्यांना तपासायचं होतं. वयस्कर माणसाला आधी ती छोटी चाचणी द्यायची. मग काही आठवड्यांनी मोठे डॉक्टर सविस्तर तपासतील, घरच्यांशीही बोलतील, पण छोट्या चाचणीत काय आलं हे त्यांना सांगायचं नाही. शेवटी दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघायचं: छोट्या चाचणीने कुणाला उगाच आजारी ठरवलं, आणि कोण आजारी असून तिच्या हातून सुटलं.

"हमें बीमार लोग नहीं, हर तरह के बुज़ुर्ग चाहिए," ती म्हणाली.

मी घरी येताना सहज म्हणाले, "आपण दोघंही नाव देऊ या का?"

"देऊ की. शास्त्राला मदत," आजोबा म्हणाले. "नाहीतरी आपला दुसरा उपयोग काय?"

माझं आधी झालं. राखी होऊन चारपाच दिवस झाले होते. आजोबांच्या वेळी मला मागे खुर्चीवर बसू दिलं, फक्त तोंड उघडायचं नाही अशी अट होती. मी आयुष्यभर परीक्षेच्या वर्गात फिरले आहे. मुलाला उत्तर येत नसतं तेव्हा त्याची मान कशी होते, हे मला मागूनही कळतं.

त्या मुलीने आधी तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला सांगितले. मग हिशेब विचारला. तो आजोबांनी इतक्या झपाट्याने केला, की तीच मागे पडली. चाळीस वर्षं हप्ते मोजलेला माणूस. मग साल विचारलं. थोडं थांबून बरोबर सांगितलं. वार चुकला.

"महीना? अंग्रेज़ी बता दीजिए या देसी, दोनों चलेगा."

"श्रावण," आजोबा लगेच म्हणाले.

तिने कागदावर काट मारली. मला मागून दिसली ती.

शेवटी तीन शब्दांपैकी एकच आठवला. तिने बेरीज केली, आणि ती चांगली मुलगी होती म्हणून तिचा चेहरा बदलला. मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं, की निरोगी समजण्यासाठी जी रेघ आहे तिच्या खाली एका गुणाने आले आहेत.

"बेटा, महिन्याचा गुण कापलास तू," मी म्हणाले. "श्रावण बरोबर आहे."

"आंटीजी, सावन तो राखी पे ख़त्म हो गया."

"तुमचा झाला. आमचा चालू आहे. आज माझा उपवास कशाचा आहे मग?"

तिला ते पटेना, आणि मला ते सोडवेना. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर खिळ्यावरून काढून, गुंडाळी करून सी-स्कीमला घेऊन गेले. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले होते, हळदीचे डाग होते. तिने ते टेबलावर पसरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"मतलब, आपके यहाँ के सारे लोगों को हम ग़लत काट देते," ती म्हणाली. "यही तो पता करना था हमें." मग तिने काट खोडली, गुण दिला, आणि बाजूला कारण लिहिलं. "बड़े सर को नहीं बताएँगे. उन्हें पता चला छोटे टेस्ट में क्या आया, तो नज़र वहीं बँध जाएगी."

आजोबा आता बरोबर रेघेवर होते.

मी घरी येऊन त्यांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, आत गेले, आणि नवा शर्ट घालून बाहेर आले. मग आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन घेवर, म्हणजे तिकडची श्रावणातली मिठाई, आणला. भाभीजींकडे, वरच्या मजल्यावर, सगळीकडे वाटला. "पास झालो," ते सांगत होते. "ह्या बाईंनी माझी केस लढवली. श्रावणावरून!" परत येताना जिन्यात थांबून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी घाबरलो होतो गं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता.

त्यांना इतकं मोकळं झालेलं बघून मलाही वाटू लागलं, की स्कूटरचं ते एकदाच घडलं असेल. पुढचे काही दिवस मी लक्ष ठेवणं बंद केलं. खरोखर बंद केलं.

मोठ्या डॉक्टरांची तारीख नेमकी ऋषिपंचमीला आली, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. बदलून मागितली, पण ते नंतर महिनाभर गावाला जाणार होते.

"आता कशाला जायचं? पास झालोय ना," आजोबा म्हणाले.

"नाव दिलंय आपण. अर्धवट सोडलं तर त्यांचं काम फुकट जाईल."

हे त्यांना पटलं. अर्धवट काम त्यांना आवडायचं नाही.

घरात गणपती असताना घर बंद करून जात नाहीत, म्हणून भाभीजी येऊन बसल्या. "जाओ, जाओ, मैं हूँ गणेशजी के पास. मोदक मत गिनना लौट के," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी आजोबांनी स्वतः सोवळं नेसून पूजा केली होती. मूर्ती मंडळातून मांडीवर घेऊन तेच आले होते. आरतीत एक कडवं त्यांनी दोनदा म्हटलं, पण ते तर सगळ्यांचंच होतं.

मोठे डॉक्टर जयपूरचेच होते, शांत, वयाने आमच्याहून थोडे लहान. त्यांनी घाई केली नाही. नोकरीच्या गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, एक गोष्ट सांगून ती परत सांगायला लावली. आजोबांनी ती गोष्ट फार छान सांगितली, फक्त ती डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती. मग डॉक्टरांनी दिवस, तारीख, आणि महिना विचारला.

"श्रावण," आजोबा म्हणाले, तसेच लगेच.

डॉक्टरांनी पेन उचललं. तेवढ्यात आजोबांनी हात वर केला. "रुकिए, रुकिए, काटिए मत! पिछली बार भी यहीं झगड़ा हुआ था. हमारे महाराष्ट्र में महीना पीछे चलता है. आपका भादवा, हमारा श्रावण. ये कैलेंडर लेके आई थी. पूछिए इनसे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "ऐसा है क्या, मैडम? मुझे आपका हिसाब नहीं पता. आप जो कहेंगी, मैं मान लूँगा."

आजोबाही माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर शंका अजिबात नव्हती. जिन्यात माझ्या हातावर हात ठेवला होता तेव्हा जसे दिसत होते, तसेच दिसत होते. "सांग त्यांना," ते म्हणाले.

"अहो," मी म्हणाले, "काल गणपती बसले आपल्याकडे."

"बसले की. त्याचं काय?"

पहिल्या खेपेला मी भांडले, कारण उत्तर बरोबर होतं. आज चंद्र वाढत होता. गणपती बसले की जयपुरात काय आणि साताऱ्यात काय, महिना एकच असतो. हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. आजोबांनी तर काल पूजेच्या संकल्पात तो महिना स्वतःच्या तोंडाने म्हटला होता. ते श्रावण सोडून पुढे आलेच नव्हते. आणि हो म्हणायला मला फक्त मान हलवायची होती.

त्या वेळी मला त्यांचे थोरले भाऊ आठवले, आणि त्यांच्याभोवती सतत खोटं हसत असलेलं ते घर.

"नाही, सर," मी म्हणाले. "हा पंधरवडा दोन्हीकडे सारखाच असतो. आज आमच्याकडेही भाद्रपद आहे."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख न दाखवल्यावर आपण बघतो, तसे. मग स्वतःशीच म्हणाले, "भाद्रपद. हो, बरोबर." आणि हात मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टरांनी नंतर मला एकटीला आत बोलावलं. मी स्कूटरचं सांगितलं, चहाचं सांगितलं, पत्त्यांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आजाराची सुरुवात आहे. आजोबांना त्यांनी समोर बसवून, त्यांच्याशीच बोलून, साध्या शब्दांत सांगितलं. यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कितना टाइम है मेरे पास, ठीक-ठाक?" डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही, पण महत्त्वाची कामं आता करून घ्या.

रिक्षा विद्याधर नगरजवळ आल्यावर ते म्हणाले, "शाळेत पोरांना द्यायचीस की गं एखादा मार्क."

"द्यायची."

"मग?"

मी रिक्षावाल्याला आमची गल्ली दाखवली.

दारात भाभीजी उभ्या. "कैसा रहा, भाईसाहब?"

"इन्होंने फेल कर दिया," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. भाभीजी पोट धरून हसल्या. मी आत जाऊन ऋषीची भाजी वाढायला घेतली. त्या दिवशी ती भाजी खाताना मान वर करायचं मला धैर्य झालं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी ताट उचलून स्वतः मोरीत ठेवलं, आणि गणपतीसमोर जाऊन बराच वेळ बसले.

चारपाच दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मग एका सकाळी त्यांनी स्कूटरची किल्ली आणून माझ्या पोळपाटाशेजारी ठेवली. "विकून टाक. मुरलीपुऱ्याच्या चक्कीवाल्याला हवी असेल तर त्याला दे." आणि थोड्या वेळाने, पाठमोरे असताना, "भाऊंना कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस."

एवढंच बोलले. क्षमा केली की आभार मानले, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवाळीत त्यांनी तुमच्या बाबांना फोन लावायला सांगितलं आणि आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगितलं. तुमचे बाबा तिकडे रडत होते आणि आजोबा इकडून समजावत होते, "अरे, आत्ता मी तुला ओळखतोय ना? मग आत्ता नीट बोल माझ्याशी." बँकेची, घराची कामं त्यांनी त्या हिवाळ्यात स्वतः बसून उरकली. तुम्हा दोघांना एकदा बघायचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात. तुला पत्त्यांचा किल्ला करायला त्यांनी शिकवलं, आणि तू, धाकट्या, त्यांच्या पोटावर झोपलास. तुम्हाला ते आठवणार नाही. त्यांना तेव्हा नीट कळत होतं की तुम्ही कोण आहात.

ती डॉक्टर मुलगी नंतर घरी आली. दोन्ही निकाल शेजारी ठेवले, तेव्हा आजोबा कुठे बसले ते मी तिला विचारलं. ती थोडी संकोचली. "छोटे टेस्ट से जो छूट गए, उनमें," ती म्हणाली. तिने दिलेला गुण मात्र कायम ठेवला होता. मी म्हटलं, ठेवायलाच हवा. त्या दिवशी उत्तर बरोबर होतं. आज पेपर पुन्हा माझ्याकडे आला तरी मी तो गुण देईन. तो गुण मिळूनही माणूस आजारी होता, ही दुसरी गोष्ट आहे, आणि तीही त्यांच्या कामात लिहिली गेली याचं मला बरं वाटलं. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांसाठी तिने मग महिन्याचा प्रश्न बदलला. त्यात मी तिला मदत केली. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून वाक्यं जुळवत असू, आणि आजोबा शेजारी बसून शेंगा सोलत असत. तिने एकदा त्यांना विचारलं, "अंकल, कौनसा महीना?" बाहेर मार्गशीर्षातली थंडी होती, त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते.

"श्रावण," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "हो ना गं?"

मी म्हटलं, "शेंगा संपल्या का? अजून आणते."

पुढची वर्षं कशी गेली ते तुमच्या बाबांनी सांगितलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. शब्द कमी होत गेले. माझं नाव गेलं, मग माझं नातं गेलं. हा एक महिना मात्र कसा कोण जाणे, राहिला. कदाचित त्यावर इतकं भांडण झालं म्हणून, किंवा त्या दिवशी घेवर वाटला म्हणून.

इतर दिवसांत मी त्यांना महिना विचारत नसे. पण दर वर्षी राखी झाली, भाभीजी कचोऱ्या देऊन आणि "आपका अभी बाकी है?" असं विचारून गेल्या, की मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन बसायची. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर तिथून दिसत असे.

"अहो, महिना कोणता चालू आहे?"

"श्रावण."

"बरोबर," मी म्हणायची, आणि त्यांच्यापुढे कचोरी ठेवायची.